दोन शब्दांतला फरक कोण राखतो?

इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत शब्दजोड्यांचा एक तक्ता असतो. डावीकडे लेस, उजवीकडे फ्यूअर. डावीकडे शॅल, उजवीकडे विल. मग कन्टिन्युअल आणि कन्टिन्युअस, इम्प्लाय आणि इन्फर, डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड. प्रत्येक जोडीपुढे एकेका ओळीत अर्थ दिलेला असतो. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले तो तक्ता पाठ करतात, आणि जोडी उलटसुलट झाली की गुण जातात. या तक्त्यावर माझा आक्षेप असा की त्यात सगळे फरक एकाच तोलाचे मानलेले असतात. प्रत्यक्षात त्यांतले काही कोणा एका व्याकरणकाराच्या आवडीतून निघाले. काही शतकानुशतकांच्या वापरातून मुरले. आणि काही असे आहेत की त्यांच्यावर माणसाचा जीव, त्याचे स्वातंत्र्य किंवा देशातल्या सत्तेची वाटणी अवलंबून असते. या शेवटच्या फरकांना तक्त्यात बहुधा जागाच नसते. आपली मेहनत नेमकी चुकीच्या टोकाला खर्च होते आहे, असे माझे मत आहे.

लेस आणि फ्यूअर यांचेच पाहा. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, न मोजता येणाऱ्यांना लेस, असा नियम सांगतात. सांगताना सूर असा लागतो की हा नियम इंग्रजीच्या जन्मापासूनचा असावा. पण नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनात लेसचा पूर्वज शब्द मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी सरळ आलेला आहे, आणि पुढची कित्येक शतके तो तसाच चालला. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने इंग्रजीवरच्या आपल्या पुस्तकात लिहिले की अशा ठिकाणी आपल्याला फ्यूअर अधिक बरा वाटतो. एका माणसाने आपली पसंती कळवली, इतकाच त्याचा अर्थ होता. पुढच्या व्याकरणकारांनी त्या पसंतीचा नियम केला आणि नियमावरून माणसांची लायकी ठरू लागली. २००८ साली ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने 'दहा वस्तू किंवा कमी' या अर्थाच्या पाट्यांवरचा लेस काढला आणि 'दहा वस्तूंपर्यंत' असे लिहून वाद मिटवला. त्या लेसमुळे एखादे गिऱ्हाईक चुकीच्या रांगेत उभे राहिले, अशी तक्रार कोणाचीच नव्हती. शिवाय उलट बाजूला, म्हणजे 'अधिक' म्हणताना, इंग्रजी माणूस मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही गोष्टींना मोअर हा एकच शब्द वापरतो आणि त्याचे काही अडत नाही. अधिकला जी जोडी लागत नाही ती कमीला का लागावी, याचे उत्तर या नियमाकडे नाही.

शॅल आणि विल यांची कहाणी याहून जुनी आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली परदेशी माणसांना इंग्रजी कळावी म्हणून लॅटिनमधून इंग्रजीचे व्याकरण लिहिले. पहिल्या पुरुषात शॅल म्हटले तर साधा भविष्यकाळ आणि विल म्हटले तर निश्चय, दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषांत नेमके उलटे, ही मांडणी तिथून पुढे पसरली. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या लोकांनी ती कधी मनापासून पाळली नाही. तिच्या समर्थनासाठी पूर्वी एक गोष्ट सांगत. पाण्यात पडलेला एक परका माणूस, कधी तो स्कॉटिश असे तर कधी आयरिश, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडला, आणि याने बुडण्याचा निश्चयच केला आहे असे समजून काठावरच्या इंग्रजांनी त्याला बुडू दिले. ही गोष्ट शेजारच्या लोकांना कमी लेखण्यासाठी रचलेली आहे, आणि ती ज्या नियमाची बाजू घेते त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. बुडणाऱ्याची हाक ऐकून काठावरच्या कोणत्याही माणसाला त्याला काय म्हणायचे आहे ते क्षणात कळले असते. ज्या फरकाने कोणाचाही खराखुरा गैरसमज होत नाही, तो पाळला काय आणि सोडला काय, भाषेचे काही बिघडत नाही.

यावरून कोणी म्हणेल की मग सगळेच फरक व्याकरणकारांनी लादलेले असतात. तसे मुळीच नाही. इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द आले ते तिच्या इतिहासामुळे. स्कँडिनेव्हियातून आलेल्यांनी आपले शब्द आणले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. चर्च आणि विद्वान लॅटिनमधून शब्द घेतच होते. म्हणून विचारणे या एका क्रियेला तिथे आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट अशी तीन क्रियापदे आहेत. त्यांत आस्क घरचा आहे आणि इंटरॉगेट पोलीस ठाण्यातला. गोठ्यातली मेंढी शीप आणि ताटातली मटन, गोठ्यातला बैल ऑक्स आणि ताटातला बीफ, अशा जोड्या वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या कादंबरीमुळे फार प्रसिद्ध झाल्या. राबणाऱ्या सॅक्सनांनी जनावर सांभाळायचे आणि नॉर्मन धन्यांनी ते खायचे, म्हणून जनावराचे नाव सॅक्सन आणि मांसाचे फ्रेंच, असा तिथला युक्तिवाद. तो ऐकायला चोख वाटतो, पण खरी घडामोड त्याहून फार संथ होती. नॉर्मन आल्यावर कित्येक शतके बीफ आणि मटन हे शब्द जिवंत जनावरालाही लागत. बीफचे बीव्ह्ज हे जुने अनेकवचन तर जिवंत गुरांसाठीच होते. खुद्द फ्रेंचमध्ये आजही जनावराला आणि त्याच्या मांसाला एकच नाव पुरते. म्हणजे दोन शब्द शेजारी येऊन बसले ते इतिहासाच्या योगायोगाने, आणि त्यांच्यात कामाची वाटणी झाली ती पुढच्या पिढ्यांच्या तोंडी. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ च्या आपल्या ग्रंथात या वाटणीला नियमाचा दर्जा दिला. समानार्थी शब्द फार काळ समानार्थी राहत नाहीत, लोक त्यांना वेगळी कामे नेमून देतात, असे त्याचे म्हणणे.

मराठी माणसाला हे समजायला ब्रेआल लागत नाही. आपण पाणी पितो आणि जल अर्पण करतो. नेता मरण पावला तर बातमीत निधन येते, घरचे म्हातारे माणूस गेले तर नुसते 'गेले' म्हणतो, आणि जनावर मरते. सरकारात अर्ज करतात, देवाची प्रार्थना करतात, धाकट्याची समजूत घालतात. हे फरक कोणत्या तक्त्यात आपण पाठ केले नाहीत. घरात, गावात, वर्तमानपत्रात ते कानावर पडत गेले. असे फरक मजबूत असतात, कारण त्यांच्यामागे सगळा समाज उभा असतो. त्यांचे रक्षण करायला कोणाला पहारा द्यावा लागत नाही. परक्या माणसाला ते उशिरा कळतात, पण कळतात ते वाचून आणि ऐकून. एकेका ओळीच्या व्याख्येतून ते हाती लागत नाहीत. म्हणूनच इंग्रजीतला आस्क आणि इंटरॉगेट यांतला फरक तक्त्यातून शिकवू नये, दहा चांगली पाने वाचायला द्यावीत असे मला वाटते.

अडचण येते ती तिसऱ्या प्रकारात. काही फरक उपयोगाचे तर असतात, पण वापरणाऱ्यांनी लक्ष दिले नाही तर ते पुसले जातात. डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड ही जोडी त्यातली. आज सांगितला जाणारा अर्थ असा: अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो, आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्या गोष्टीत हितसंबंध नाही तो. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असलाच पाहिजे आणि अनइंटरेस्टेड असता कामा नये. आता हा फरक प्राचीन आहे म्हणून राखा, असे म्हणावे तर इतिहास साथ देत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी कवी जॉन डन याने डिसइंटरेस्टेड हा शब्द 'रस नसलेला' याच अर्थाने वापरला होता, आणि त्याच शतकात अनइंटरेस्टेड हा शब्द निःपक्षपाती माणसासाठी येत होता. दोन्ही शब्दांनी पुढे एकमेकांची जागा घेतली. विसाव्या शतकात ते पुन्हा एकमेकांत मिसळू लागले, आणि १९६१ साली वेबस्टरच्या मोठ्या कोशाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा ती असे फरक राखत नाही म्हणून अमेरिकेत तिच्यावर मोठे काहूर उठले. तरीही हा फरक राखावा असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण शब्दांच्या वयाशी संबंधित नाही.

कारण एका खटल्यात आहे. इंग्लंडमध्ये डाइम्स नावाच्या गृहस्थाचा ग्रँड जंक्शन कॅनॉल या कालवा कंपनीशी जमिनीवरून बराच काळ वाद चालला होता. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूचा हुकूम कायम केला. नंतर उघडकीला आले की त्यांच्याकडे त्या कंपनीचे भाग होते. १८५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्यांचा हुकूम रद्द ठरवला. त्या भागांमुळे कॉटनहॅम यांचे मन तिळमात्र ढळले असेल असे त्या सभागृहात कोणीही म्हणत नव्हते. मूळ वादात पुढे निकालही कंपनीच्याच बाजूने राहिला. म्हणजे न्याय चुकला नव्हता आणि न्यायाधीशाची नियत खोटी नव्हती. तरी हुकूम गेला, कारण न्यायाधीशाचा त्यात हितसंबंध होता. इंग्रजीत निःपक्षपाती याला इम्पार्शल हा शब्द आहेच, पण तो इथे पुरत नाही. इम्पार्शल हा मनाचा गुण झाला आणि डिसइंटरेस्टेड ही माणसाची त्या वादातली जागा. मन शुद्ध असूनही जागा चुकीची असू शकते, हे सांगणारा शब्द गेला तर आपल्याला प्रत्येक वेळी माणसाच्या नियतीवरच बोट ठेवावे लागेल. एखाद्या फरकाची किंमत अशीच काढावी लागते. तो उद्या नाहीसा झाला तर कोणती गोष्ट सांगता येणार नाही, आणि त्यात कोणाचे काय जाईल? लेस आणि फ्यूअर यांना हा प्रश्न विचारला तर उत्तर येते, काहीही नाही.

कायद्याच्या इंग्रजीत हा प्रश्न रोजचा आहे, आणि तिथे तो आपलाही आहे, कारण आपले कायदे त्या इंग्रजीत घडले. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, त्यातून १८६० ची भारतीय दंड संहिता झाली. तिच्यात सदोष मनुष्यवध आणि खून ही जोडी कलम २९९ आणि ३०० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १०० आणि १०१ मध्ये आहे. दोन्ही कलमांचे शब्द जवळपास सारखे वाटतात. एका ठिकाणी मृत्यू घडण्याचा संभव असलेली जखम, दुसऱ्या ठिकाणी निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी असलेली जखम. लाइकली आणि सफिशंट. या दोन विशेषणांमध्ये जे अंतर आहे त्याच्या एका बाजूला फाशीची शक्यता आहे आणि दुसऱ्या बाजूला ती नाही. मुंबईत १९५९ साली नानावटी या नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून मारल्याचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे ते त्यातल्या नाट्यामुळे, पण न्यायालयापुढचा प्रश्न शब्दांचाच होता. प्रक्षोभ 'गंभीर आणि आकस्मिक' असेल तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदलातल्या त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. पण उच्च न्यायालयाने त्याला खुनाचा दोषी ठरवले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पत्नीने दिलेली कबुली गंभीर प्रक्षोभ करणारी होती हे मान्य करता येईल, पण घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मधल्या वेळात जहाजावर जाऊन पिस्तूल आणले होते. गंभीर होते, आकस्मिक राहिले नव्हते. 'आणि' या अव्ययाने त्या माणसाची शिक्षा ठरली.

असाच एक फरक आपल्या शब्दातून इंग्रजीत गेला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे डकॉइटी, म्हणजे आपली डकैती. चौघांनी केली तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. मराठी बातम्यांत कुठेही काही लुटले गेले की दरोडा पडतो, आणि वाचकाला त्यामागचा पाचाचा आकडा कधी कळत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जोडी राज्यघटनेतली आहे: कन्सल्टेशन आणि कन्करन्स. सल्लामसलत आणि संमती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून नेमावेत असे मसुद्यात होते. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांनी दुरुस्ती सुचवली की इथे सल्लामसलतीऐवजी संमती असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांची भूमिका अशी: इंग्लंडमध्ये नेमणूक पूर्णपणे सरकारच्या हाती आहे, अमेरिकेत सेनेटची संमती लागते, आपण मधला मार्ग घेत आहोत. सरन्यायाधीश हे मोठ्या योग्यतेचे गृहस्थ असतील, पण शेवटी तेही माणूस आहेत. सर्वसामान्य माणसाला असतात त्या उणिवा, भावना आणि पूर्वग्रह त्यांनाही असणार. त्यांना नकाराधिकार देणे म्हणजे जी सत्ता आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारलाही द्यायला तयार नाही ती एका व्यक्तीला देणे. सभागृहाने दुरुस्ती फेटाळली. दोन शब्द समोर ठेवून, त्यांतले अंतर पुरते समजून घेऊन, देशाने एक निवडला आणि एक नाकारला. इतका जाणीवपूर्वक ठरवलेला शब्दार्थ इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे काय झाले ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. त्या शब्दाला पहिला धक्का सरकारने दिला. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या, त्यांची संमती न विचारता. १९७७ साली न्या. हंसराज खन्ना डावलले गेले. बदल्यांपैकी एक प्रकरण, न्या. संकळचंद शेठ यांचे, १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड बहुमतात होते. त्या निकालाने या शब्दाला दिलेला अर्थ मला आजवरचा सर्वांत प्रामाणिक वाटतो. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, पण ती नुसती विचारपूसही नव्हे. ज्याच्याशी सल्लामसलत करायची त्याच्यापुढे सगळी माहिती ठेवली पाहिजे, त्याला विचार करायला वाव दिला पाहिजे, आणि त्याचे मत खरोखर जमेस धरले पाहिजे. मराठीत 'विचारात घेणे' म्हणतो ते मनापासून केले तर जे होईल ते.

१९८१ च्या निकालाने, जो पहिला न्यायाधीश खटला म्हणून ओळखला जातो, शेवटचा शब्द सरकारचा ठेवला. मग १९९३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ बदलला. सरन्यायाधीशांच्या मताला अग्रक्रम असेल, आणि ते मत त्यांनी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह बनवायचे असेल, असे ठरले. १९९८ साली सहकाऱ्यांची संख्या चार झाली. कॉलेजियम म्हणतात ते हेच. कागदावरचा शब्द कन्सल्टेशन, त्याचा परिणाम कन्करन्सचा. संसदेने ९९ व्या घटनादुरुस्तीने वेगळा आयोग आणला तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला.

न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची काळजी खोटी होती असे मी म्हणत नाही. १९७३ ते १९७७ या काळात जे घडले ते पाहिलेल्या माणसाला ती काळजी वाटलीच पाहिजे. सरकारने आधी सल्लामसलत पोकळ केली, मग न्यायालयाने तिच्यात संमती भरली. पण घटना समितीने नाव घेऊन नाकारलेली गोष्ट शब्दार्थाच्या मार्गाने परत आणता येत असेल, तर मग कोणताही शब्द निवडून उपयोग काय? अर्थ बदलायचा तर घटनादुरुस्तीचा उघडा मार्ग आहे. तो अवघड आहे, आणि तो अवघड ठेवण्यामागे कारण आहे.

इथे माझ्या युक्तिवादाला एक अडथळा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. घटनेत असाच नाकारलेला आणखी एक शब्दप्रयोग आहे: ड्यू प्रोसेस ऑफ लॉ, म्हणजे न्याय्य कायदेशीर प्रक्रिया. सल्लागार समितीने तो घेतला होता. घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले, तिथे न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना त्याचे धोके सांगितले, आणि मसुदा समितीने जपानच्या १९४६ च्या घटनेतला 'प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' हा प्रयोग घेतला. म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली पद्धत; ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचे काम न्यायालयाचे नाही. सभागृहात यावर तीव्र मतभेद झाले. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. विधिमंडळ पक्षीय लोभाने वाईट कायदा करील हे शक्य आहे, आणि मूठभर न्यायाधीश आपल्या वैयक्तिक मतांवरून चांगला कायदा मोडतील हेही शक्य आहे. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला, आणि सभागृहाने ड्यू प्रोसेस नाकारला. १९५० च्या गोपालन खटल्यात न्यायालयाने ती निवड अक्षरशः पाळली. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात मात्र पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे असे ठरले, आणि नाकारलेला अर्थ बऱ्याच अंशी परत आला.

१९७८ च्या निकालाचे मी स्वागत करतो आणि १९९३ च्या निकालाने अस्वस्थ होतो. मला आवडले ते योग्य आणि न आवडले ते अयोग्य, असे म्हणून सुटका नाही. दोन्हींत सभागृहाने आखलेली रेघ ओलांडली गेली. पण एक भेद मला खरा वाटतो. मनेका गांधी खटल्यात अर्थ वाढला त्याचा लाभ त्या माणसाला झाला ज्याचे पारपत्र सरकारने जप्त केले होते, आणि पुढे प्रत्येक कैद्याला, प्रत्येक आरोपीला. न्यायालयाची तपासण्याची सत्ताही वाढली हे खरे, पण ती दुसऱ्याच्या तक्रारीवर चालणारी सत्ता आहे. १९९३ साली अर्थ वाढला त्याचा लाभ अर्थ लावणाऱ्यालाच झाला. न्यायाधीश कोणी नेमायचे या वादात निवाडा देणारा स्वतःच एक पक्ष होता. २०१५ च्या खटल्यात हा मुद्दा उघडपणे निघाला. न्या. अनिल दवे पीठातून बाजूला झाले. कॉलेजियममध्ये असणाऱ्या न्या. जगदीशसिंग खेहर यांनीही बाजूला व्हावे अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयातला प्रत्येक न्यायाधीश आज ना उद्या त्याच जागी असणार, मग खटला ऐकणार तरी कोण, हे उत्तर बिनतोड आहे. त्या न्यायमूर्तींच्या सचोटीवर कोणी बोट ठेवू नये, आणि मीही ठेवत नाही. पण डाइम्सच्या खटल्यातही कॉटनहॅम यांच्या सचोटीवर कोणी बोट ठेवले नव्हते. वाद ऐकणे अपरिहार्य असेल तेव्हा निदान एवढी अपेक्षा ठेवता येते की आपला हितसंबंध जिथे आहे तिथे शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने ताणायला न्यायालयाने इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा जास्त संकोच करावा. इम्पार्शल आणि डिसइंटरेस्टेड यांतला फरक आपल्याला ठाऊक नसेल तर ही टीका नीट करताच येत नाही. ती एक तर न्यायमूर्तींवरचा आरोप बनते किंवा गिळून टाकावी लागते.

ड्यू प्रोसेस नाकारला गेल्यावर लोकांच्या मनात राहिलेल्या असमाधानाची डॉ. आंबेडकरांना जाणीव होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवे कलम मांडले, तेच आजचे अनुच्छेद २२. त्यात आणखी एक जोडी आहे, जी प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी: अरेस्ट आणि डिटेन्शन. अटक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता. अटक झालेल्या माणसाला कारण सांगावे लागते, वकील घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेत यातले काहीच त्या स्वरूपात लागू नाही. तिथे हाती असलेले संरक्षण वेगळे आहे: सल्लागार मंडळाने पुरेसे कारण आहे असे सांगितल्याशिवाय तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ डांबून ठेवता येत नाही, आणि स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात, म्हणजे माणसाला आपले म्हणणे मांडता येते. बोलताना आपण दोन्हींना 'आत टाकले' म्हणतो. पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या नातेवाइकाने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की अटक केली आहे की स्थानबद्ध केले आहे. एका उत्तराने घड्याळ चालू होते, दुसऱ्याने दिनदर्शिका.

'कळवणे' या शब्दाचा अर्थही न्यायालयापुढे आला होता, आणि प्रकरण आपल्याच राज्यातले होते. नागपुरात स्थानबद्ध केलेल्या एका माणसाला कारणांचा कागद इंग्रजीत दिला गेला. त्याला इंग्रजी येत नव्हती, त्याने हिंदीत मागितला. कामकाजाची भाषा अजून इंग्रजी आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने कागद वाचून तोंडी समजावला आहे, एवढ्यावर सरकारने नकार दिला. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कागद हातात देणे म्हणजे कळवणे नव्हे. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत ती कारणे मिळाली नाहीत, तर स्थानबद्धता बेकायदा ठरते. त्याला सोडून देण्याचा हुकूम झाला.